एकोणिसाव्या शतकातलं ब्लॅकबर्न: माग, खळ, मजुरी आणि रोजचं जगणं

प्रश्न असा होता: एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या एखाद्या गिरणीगावात धंदा प्रत्यक्ष चालायचा कसा, कामगाराचा दिवस कसा जायचा, आणि आपल्याकडच्या कापसाला तिथे एवढी नावं का ठेवली जायची?

उत्तरासाठी लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न घेतो. मँचेस्टरबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण मँचेस्टर ही मुख्यतः पेढ्यांची, गुदामांची आणि दलालांची बाजारपेठ होती. सूत कातणं दक्षिणेकडच्या ओल्डहॅमसारख्या गावांकडे आणि विणकाम उत्तरेकडच्या ब्लॅकबर्न, बर्नली, डार्विन या पट्ट्याकडे, अशी वाटणी शतकाच्या उत्तरार्धात पक्की होत गेली. शिवाय ब्लॅकबर्नचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच होतो. कोरं (ब्लीच न केलेलं) शर्टिंग आणि काठाची धोतरं तिथून गठ्ठे बांधून लिव्हरपूलमार्गे मुंबई-कलकत्त्याला यायची.

गावाची वाढ आकड्यांतच दिसते. १८०१ मध्ये सुमारे १२ हजार वस्ती, १८५१ मध्ये ४६ हजारांवर, १९०१ मध्ये सव्वा लाखाच्या वर. लीड्स-लिव्हरपूल कालवा १८१० मध्ये गावाला लागला, रेल्वे १८४६ मध्ये आली. कोळसा जवळपास निघायचा, हवा पश्चिमेकडून येणाऱ्या पावसामुळे दमट. कोळसा आणि कालव्याचं महत्त्व सगळे सांगतात. दमट हवेचं महत्त्व मात्र विणकराला विचारावं, कारण कोरड्या हवेत ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे तडातड तुटतात.

या गावातल्या कितीतरी गोष्टी तुटणाऱ्या धाग्याशी येऊन थांबतात. माग चालू असतो तेव्हा कापड आपोआप पुढे सरकतं; विणकराचं खरं काम माग थांबला की सुरू होतं. ३९ इंच पन्ह्याच्या साध्या शर्टिंगमध्ये अडीच हजारांच्या आसपास उभे धागे असतात. त्यातला एक तुटला तरी कापडात रेघ पडते, आणि तुटलेलं टोक शेजारच्या धाग्यांत गुंतलं तर आणखी दहा धागे जातात. मजुरी तुकड्यावर असल्यामुळे हा थांबलेला वेळ विणकराच्या खिशातून जायचा. धागा का तुटतो, आणि तुटल्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, या दोन प्रश्नांभोवती ब्लॅकबर्नची यंत्रं, खळ (ताण्याला लावायचा चिकट लेप), संप, कायदे आणि आजारपणं फिरत राहिली.

सुरुवातीचे वाफेवरचे माग या बाबतीत कच्चे होते. एप्रिल १८२६ मध्ये मंदीनं उपाशी पडलेल्या हातमागवाल्यांनी अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गिरण्यांत घुसून काही दिवसांत हजाराच्या वर यंत्रमाग फोडले. चॅटरटनला लष्कराच्या गोळीबारात ६ जण मेले. हे लोक यंत्राला अडाणीपणानं घाबरले, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. त्यांचा दर दहा-पंधरा वर्षं सतत घसरत होता आणि कारण त्यांच्यासमोर उभं होतं. तरीही त्या वेळचा यंत्रमाग हातमागाला पुरता मागे टाकू शकत नव्हता. एकेका विणकराला दोनच माग सांभाळता यायचे, कारण दर थोड्या वेळानं त्याला माग हातानं बंद करावा लागायचा.

ते का, हे नीट समजून घ्यावं. विणताना आडवा धागा कापडाला आत खेचतो आणि पन्हा आकसतो. पन्हा फणीएवढा (फणी म्हणजे ताण्याचे धागे जिच्या दातांतून जातात ती चौकट) ताणून ठेवला नाही, तर कडेचे धागे फणीच्या दातांवर घासून तुटतात. म्हणून कापडाच्या दोन्ही काठांत टोकं रुतवलेली एक पट्टी लावायची, आणि काही इंच कापड झालं की माग थांबवून ती पुढे सरकवायची. दुसरी अडचण बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची. तो इकडून तिकडे नेतो तो धोटा. धोट्यातली सुताची कांडी संपली किंवा बाण्याचा धागा तुटला, तरी माग रिकामाच धडधडत राहायचा. विणकराचं लक्ष जाईपर्यंत कापडात मोकळी पट्टी पडायची आणि ते सगळं उसवून पुन्हा विणावं लागायचं.

या दोन्ही अडचणींवरचा उपाय ब्लॅकबर्नमध्येच निघाला. ब्रुकहाउस मिलमध्ये विल्यम केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी १८४१ च्या सुमारास काठ ताणून धरणारा फिरता काटेरी रूळ आणि बाणा तुटताच माग थांबवणारा काटा बसवला. रूळ कापडाबरोबर आपोआप फिरतो, त्यामुळे पट्टी सरकवायला थांबणं संपलं. काटा फणीच्या एका बाजूला असतो. फणी पुढे येते तेव्हा आडवा धागा असेल तर तो काट्याच्या दातांना ढकलतो आणि काट्याची शेपटी वर उचलली जाते. धागा नसेल तर शेपटी खालीच राहते, मागेपुढे हलणाऱ्या आकड्यात अडकते, आकडा तिला ओढतो आणि चालू-बंदचा दांडा सुटतो. पट्टा मोकळ्या चाकावर जातो, माग थांबतो. हा काटा एकाच बाजूला असल्यामुळे एकाआड एक फेरच (फेर म्हणजे धोट्याची एक खेप) तपासतो. म्हणून माग थांबल्यावर विणकरानं कापडाची कड हातानं मागे घेऊन खरा शेवटचा फेर शोधायचा आणि तिथूनच सुरू करायचं. घाईत हे टाळलं की कापडात बारीक आडवी फट राहते, आणि कापड तपासनीस तेवढ्यावर दंड लावतो.

त्याच काळात सुटती फणीही आली. धोटा वाटेत अडकला तर घट्ट बसवलेली फणी त्याला ताण्यात रेटते आणि शेकडो धागे एकदम जातात. सुटत्या फणीची खालची पट्टी स्प्रिंगनं धरलेली असते. धोटा अडकला की ती मागे हटते आणि माग बंद होतो. या तीन-चार सुधारणांनंतर एक विणकर चार माग सांभाळू लागला. त्या मागाला पुढे लँकेशायर माग म्हणू लागले. इचलकरंजी-भिवंडीत ज्यांनी साधे माग पाहिले असतील त्यांना वरचं वर्णन ओळखीचं वाटेल, कारण यंत्र मुळात तेच आहे.

एक दोष मात्र पुढेही राहिला. मागच्या बाजूच्या, ताणा गुंडाळलेल्या बीमला दोऱ्या किंवा साखळ्या गुंडाळून त्यांना तरफेवर वजन लटकवायचे, म्हणजे ताणा तंग राहायचा. बीम भरलेला असताना वजन जिथे बरोबर असतं, तिथेच बीम निम्मा झाल्यावर ते जास्त होतं. ब्रेकचा जोर तोच, पण धागा लहान त्रिज्येवरून खेचला जात असतो. म्हणून बीम उतरत जाईल तसं वजन तरफेच्या टेकूकडे सरकवत राहावं लागतं. नवखा विणकर हे विसरला की दुपारनंतर धागे तुटण्याचं प्रमाण वाढतं आणि तो सुताला दोष देत बसतो.

आता खळ. बाहेरच्या वाचकाला हा भाग सगळ्यात कमी माहीत असतो, आणि माझ्या मते ब्लॅकबर्नची खरी कहाणी इथेच आहे.

ताण्याच्या धाग्याला वईच्या (धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्याच्या) डोळ्यातून आणि फणीच्या दातांतून हजारो वेळा घासून जायचं असतं. तंतू उभे राहू नयेत म्हणून त्याला खळ लावतात. जुनी पद्धत म्हणजे गव्हाचं पीठ पाण्यात भिजवून बरेच दिवस आंबवायचं, मग शिजवून त्यात जनावराची चरबी घालायची. पीठ चिकटवतं, चरबी मऊ ठेवते. १८५४ मध्ये रशियाशी क्रिमियाचं युद्ध सुरू झालं आणि रशियाहून येणारी चरबी महागली. गिरण्यांनी कॉर्नवॉलची चिनी माती वापरून पाहिली. या बारीक पांढऱ्या मातीला चरबी कमी लागते, कापड हाताला मऊ लागतं आणि वजन वाढतं. पुढे चरबी स्वस्त झाली तरी माती गेली नाही, कारण वजनाची गोडी लागली होती. हिंदुस्थान-चीनसाठीचं शर्टिंग वजनावर ओळखलं जायचं. सव्वाआठ पौंडी हा त्यातला नेहमीचा माल. त्या सव्वाआठ पौंडांत कापूस किती आणि माती किती, हे धुतल्यावरच कळायचं. हलकी खळ म्हणजे सुताच्या वजनाच्या दहा-वीस टक्के, आणि भारी खळ म्हणजे शंभर टक्के, कधी त्याहून जास्त. म्हणजे ताण्याच्या सुताएवढीच खळ.

भारी खळीचं मिश्रण करणं हे जोखमीचं काम होतं. पीठ, चिनी माती, चरबी, मॅग्नेशियम क्लोराइड आणि झिंक क्लोराइड हे मुख्य घटक. माती धाग्यावर टिकावी आणि वाळून झडू नये म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड, कारण ते हवेतलं पाणी ओढून धागा ओलसर ठेवतं. पण ओलसर पीठ म्हणजे बुरशीला आमंत्रण. गठ्ठे कित्येक आठवडे जहाजाच्या बंद तळात पडून असायचे, म्हणून झिंक क्लोराइड घालायचं, ते बुरशी मारतं. झिंक कमी पडलं तर मुंबईत गठ्ठा उघडल्यावर कापडावर हिरवे-काळे डाग, आणि मग व्यापारी, गिरणी आणि विमावाले यांच्यात वर्षभर भांडण. उलट मॅग्नेशियम जास्त झालं आणि कोणी ते कापड ब्लीच करण्याआधी नीट न धुता तापलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून लव जाळायला नेलं, तर उष्णतेनं त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि कापड हातात फाटतं. कोरंच विकायचं असेल तर हा धोका तितका नाही, म्हणून भारी खळीचा माल बहुतेक कोराच निघायचा. खळ लावणाऱ्या कारागिराला गिरणीत चांगला पगार आणि मान होता. त्याची चूक बीम मागावर चढेपर्यंत दिसत नाही, आणि दिसते तेव्हा शेकडो यार्ड ताणा वाया गेलेला असतो.

या खळीची किंमत विणकरानं मोजली. मातीनं भरलेला धागा वाळला की ठिसूळ होतो, म्हणून शेडमध्ये नळ्यांनी थेट वाफ सोडायला सुरुवात झाली. वसंतात पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की वाफ आणखी वाढवायची. छपरातून पाणी ठिबकतंय, अंगावरचे कपडे ओले, आणि संध्याकाळी तशाच कपड्यांनी थंडीत घरी जायचं. चालत्या ताण्यातून मातीची पांढरी धूळ उडून छातीत जायची. १८७२ मध्ये डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन यांनी टॉडमॉर्डन या गिरणीगावातल्या शेडची पाहणी करून भारी खळ आणि वाफ यांच्याविषयी सरकारला अहवाल दिला. शेडमध्ये वाफ किती सोडायची यावर मर्यादा घालणारा कायदा मात्र १८८९ मध्ये झाला. त्यानुसार शेडमध्ये ओल्या आणि कोरड्या गोळ्याचे तापमापक टांगावे लागले आणि कोणत्या तापमानाला किती दमटपणा चालेल त्याचा तक्ता ठरला. अहवालापासून कायद्यापर्यंत सतरा वर्षं गेली, ही गोष्ट मला फार लागते.

विणकाम बैठ्या, एकमजली शेडमध्ये व्हायचं. शेकडो माग एकाच वेळी ठोकर देतात, तो हादरा वरच्या मजल्याला सोसत नाही. शिवाय दगडी फरशीखालची जमीन हवा दमट ठेवते. छप्पर करवतीच्या दातांसारखं आणि काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. तुटलेला धागा दिसायला तोच हवा. इंजिन वेगळ्या खोलीत. तिथून लांब दंड छताखालून जायचा आणि प्रत्येक मागाला पट्टा उतरायचा. आवाज इतका की बोलणं अशक्य, म्हणून बायका ओठांच्या हालचालींवर बोलायच्या. कानांनी अधू झालेल्या म्हाताऱ्या विणकरणी गावात घरोघरी असायच्या.

माग दुरुस्त करणारा तो जॉबर. ब्लॅकबर्नमध्ये त्याला टॅकलर म्हणायचे आणि त्याच्याकडे साधारण ७० ते १०० माग असायचे. त्याचा पगार त्याच्या विणकरांच्या कमाईवर ठरायचा: त्यांनी मिळवलेल्या प्रत्येक पौंडामागे इतके पेन्स. ही पद्धत वरून न्याय्य वाटते, कारण माग बंद राहिला तर त्याचंही नुकसान. प्रत्यक्षात काही जॉबर प्रत्येकीची आठवड्याची कमाई पाटीवर लिहून टांगायचे आणि मागे पडलेलीला सगळ्यांसमोर बोलायचे. आजारी बाई कामावर यायची त्याचं हेही एक कारण होतं.

दिवसाचा हिशेब मांडून पाहू, म्हणजे गती कळेल. ३८ यार्डांचा तुकडा, इंचाला ६४ आडवे धागे, म्हणजे पाव इंचात १६ पीक (पीक म्हणजे एक आडवा धागा). एका तुकड्यात सुमारे ८७ हजार ५०० फेर झाले. मिनिटाला १८० फेरांनी माग एकदाही न थांबता चालला तर आठ तास लागतील. थांबणं धरून साडेनऊ. आता कांडी. अर्ध्या औंसाच्या कांडीत ३६ नंबरचं सूत असेल तर ते सुमारे ९४५ यार्ड भरतं, कारण पौंडात ८४० यार्डांच्या ३६ लच्छ्या. प्रत्येक फेराला यार्डाहून थोडं जास्त सूत लागतं, म्हणजे मिनिटाला २०० यार्ड. कांडी पाच मिनिटांच्या आत संपते. चार माग असतील तर दर मिनिट-सव्वामिनिटाला कुठलातरी धोटा बदलायचा, आणि त्या मधल्या वेळात तुटलेले उभे धागे शोधून वईतून, फणीतून ओवायचे.

धोटा बदलताना नव्या कांडीचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागे. झटपट उपाय म्हणजे भोकाला ओठ लावून धागा तोंडानं ओढायचा. एकाच धोट्याला दिवसभरात विणकरीण, तिची मदतनीस पोरगी आणि गरज पडली तर जॉबर, सगळ्यांचे ओठ लागायचे. क्षय असलेल्या गावात याचा अर्थ काय होतो ते उघड आहे. शिवाय दरवेळी सुताची लव आणि खळीची भुकटी घशात जायची, आणि पुढच्या दातांची झीज व्हायची ती वेगळीच. हातानं धागा ओवता येईल असे धोटे पुढे निघाले, पण लँकेशायरमध्ये तोंडानं ओढायला कायद्यानं बंदी आली ती थेट १९५२ मध्ये.

मजुरीचा दर कसा लावायचा, यावरून गिरणीगणिक भांडण असायचं. १८५३ मध्ये ब्लॅकबर्नचे मालक आणि विणकर यांनी मिळून एक छापील दरपत्रक ठरवलं. पन्हा, फणीचा नंबर, पाव इंचातले पीक, सुताचा नंबर आणि तुकड्याची लांबी या गोष्टींवर दर बसायचा. विणकाम-दरांची ही पहिली मोठी यादी, आणि आसपासच्या गावांनी आपापल्या याद्या हिच्याशी ताडून पाहिल्या. सगळ्या लँकेशायरसाठी एकच यादी १८९२ मध्ये आली. तिच्यात पायाभूत कापड १०० यार्ड, पाव इंचात १५ पीक, दर ३० पेन्स. म्हणजे एका पिकाला दोन पेन्स. आपला ३८ यार्डांचा १६ पिकांचा तुकडा या हिशेबानं बारा पेन्स, म्हणजे एक शिलिंग पडतो. आठवड्याच्या साडेछप्पन्न तासांत प्रत्येक मागावर सहा तुकडे, चार मागांवर चोवीस, म्हणून चोवीस शिलिंग. हे सगळं सुरळीत चाललं तर. सूत खराब असेल आणि साडेनऊऐवजी बारा तास लागले, तर त्याच मेहनतीचे एकोणीस शिलिंग होतात, आणि मदतनीस पोरीचा पगार त्यातूनच द्यायचा. इचलकरंजीत मजुरी आजही पिकावर ठरते. मजुरीवाढीच्या बैठकीत दर पिकामागे किती पैसे वाढणार यावर जी ताणाताण होते, ती याच पद्धतीची पुढची पिढी आहे.

या यादीची एक बाजू मला फार मोलाची वाटते: बाईला आणि पुरुषाला तोच दर. त्या काळातल्या दुसऱ्या बहुतेक धंद्यांत असं नव्हतं. विणकरांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, त्या संघटनेच्या सभासद होत्या आणि लग्नानंतरही कामावर राहायच्या. पण दर छापलेला असला तरी कापडाचे तपशील मालकाकडेच. १५ पीक सांगून १६ विणून घेतले तर विणकराला कळणार कसं? म्हणून संघटनांनी रेटा लावला, आणि १८९१ च्या कारखाना कायद्यानं कामाचे तपशील विणकराला लेखी देणं बंधनकारक झालं.

वेळेवरही असाच डल्ला मारला जायचा. १८५० च्या कायद्यानंतर सकाळी ६ ते संध्याकाळी ६, त्यात जेवणाची दीड तास सुट्टी, शनिवारी दुपारी २ ला बंद. १८७४ मध्ये आठवड्याचे तास साडेछप्पन्नवर आले. दिवसातून तीनदा इंजिन सुरू आणि तीनदा बंद व्हायचं. प्रत्येक वेळी दोन मिनिटं आधी सुरू आणि दोन मिनिटं उशिरा बंद केलं की रोज बारा मिनिटं फुकट मिळतात. पाचशे मागांच्या शेडमध्ये त्याचे किती तुकडे होतात ते वरच्या हिशेबावरून काढता येईल. मुलांची स्थिती अशी: १८४४ च्या कायद्यानं ८ वर्षांपासूनची मुलं अर्धा दिवस गिरणीत, अर्धा शाळेत. वय १८७४ नंतर १०, १८९१ च्या कायद्यानं ११, आणि १९०१ मध्ये १२ झालं. सकाळी सहापासून मागाखाली राबलेलं पोर दुपारी वर्गात झोपायचं, आणि मास्तर त्याला झोपू द्यायचे.

आता सुरुवातीचा, आपल्याकडच्या कापसाचा प्रश्न. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरला येणारा कापूस आटला. त्याआधी १८५९-६० मध्ये गिरण्यांनी हिंदुस्थान-चीनला इतका माल पाठवला होता की बाजार तुंबलेलेच होते, म्हणून पहिल्या वर्षी मालकांना फारसं टोचलं नाही. डिसेंबर १८६२ मध्ये मात्र लँकेशायर परिसरात जवळपास ५ लाख लोक मदतीवर जगत होते. पौंडाला आठ पेन्सच्या आसपासचा अमेरिकन कापूस १८६४ च्या उन्हाळ्यात अडीच शिलिंगांच्या वर गेला. पर्याय म्हणून जो कापूस आला तो मुख्यतः मुंबईचा. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, काठेवाड, कुठलाही असो, तिथे सगळ्याला सरसकट ‘सुरत’ म्हणायचे.

दोष खरे होते, पण ते दोन वेगळ्या प्रकारचे. पहिला जातीचा: तंतू आखूड, पाऊण इंचाच्या आसपास. कताईयंत्रातले रूळ तंतूच्या लांबीहून किंचित जास्त अंतरावर बसवतात. अमेरिकन लांबीसाठी लावलेल्या रुळांत आखूड तंतू मध्येच तरंगतात आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक निघतं. रूळ जवळ आणले, पीळ वाढवला, तर सूत चालतं, पण कातणं मंदावतं. दुसरा दोष बाजाराचा: सरकीचे तुकडे, पाला, माती, वजनासाठी मारलेलं पाणी, चांगल्यात हलक्याची भेसळ. शेतकऱ्यापासून मुंबईच्या वखारीपर्यंत मधे चार-पाच हात, मालाचा दर्जा बघून जास्त भाव कोणी देत नाही, मग स्वच्छ वेचणी कोण करील? मुंबई सरकारनं १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तर लिव्हरपूललाही चांगलं होतं. म्हणून सगळ्या सुरतला एकाच तागडीत तोलणं अन्यायाचं होतं.

ब्लॅकबर्नच्या विणकरणीपर्यंत हे सगळं तुटणाऱ्या धाग्याच्या रूपानं पोचलं. माग तितकेच, तास तितकेच, दर तोच, आणि कमाई कितीतरी खाली. ‘देवा, कापूस दे, पण सुरतेचा नको’ ही तिथली प्रार्थना या हिशेबातून आली होती. आखूड सुताला टिकवायला खळ आणखी वाढली, खळ वाढली म्हणून वाफ वाढली. युद्ध संपल्यावर अमेरिकन कापूस परत आला आणि १८६५ मध्ये मुंबईचा शेअरबाजार कोसळला, पण ब्लॅकबर्नच्या शेडमधली माती आणि वाफ तशीच राहिली.

१८७८ ची मंदी हा याच्या पुढचा स्फोट. मालकांनी दहा टक्के मजुरीकपात मागितली. विणकरांचं म्हणणं होतं की माल तुंबलाय तर तास कमी करा, दर कापू नका. नऊ आठवड्यांच्या टाळेबंदीत १४ मे रोजी ब्लॅकबर्नजवळ मालकांच्या संघटनेचे प्रमुख कर्नल रेन्सफर्ड जॅक्सन यांचं घर जमावानं जाळलं. शेवटी कपात झालीच. विणकरांच्या मागणीत धंद्याची समज मालकांहून जास्त होती, असं मला ठामपणे वाटतं. तुंबलेल्या बाजारात स्वस्त मजुरीनं आणखी कापड ओतून भाव कसा सुधारणार?

घरचं आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. पहाटे पाचच्या सुमारास लांब काठीला तारा बांधून वरच्या मजल्याची खिडकी वाजवणारा माणूस यायचा, त्याला आठवड्याला काही पेन्स द्यायचे. मग दगडी रस्त्यावर लाकडी तळाच्या, लोखंडी पट्टी ठोकलेल्या बुटांचा आवाज. ओल्या फरशीवर हे बूट चामड्याच्या बुटांपेक्षा टिकतात आणि पाय कोरडे ठेवतात. पट्टी झिजली की तेवढीच बदलायची. घर खाली दोन, वर दोन खोल्यांचं, ओळीत भिंतीला भिंत, संडास मागच्या अंगणात. आठला न्याहारी, साडेबाराला जेवण. चहाची पूड-साखर पुडीत बांधून न्यायची आणि गिरणीत गरम पाणी घ्यायचं. आई मागावर असल्यामुळे तान्ही मुलं शेजारच्या म्हातारीकडे, आणि ती रडू नयेत म्हणून अफू घातलेलं औषध सर्रास पाजलं जायचं. बालमृत्यूंच्या आकड्यांत गिरणीगावं वर असायची. त्याला हेही एक कारण, आणि दूषित दूध-पाणी हे दुसरं.

शनिवारी दुपारची सुट्टी मिळाल्यावर फुटबॉल वाढला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या कामगारांच्या संघानं ओल्ड इटोनियन्स या ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला २-१ हरवून एफए कप ही इंग्लंडातली मोठी स्पर्धा जिंकली. उन्हाळ्यात गिरण्या काही दिवस एकदम बंद व्हायच्या, बॉयलर साफ व्हायचे आणि अर्धं गाव रेल्वेनं ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. या रजेचा पगार नव्हता. वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पेन्स बाजूला टाकून ती काढायची.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर ब्लॅकबर्नजवळ बर्नलीला क्वीन स्ट्रीट मिल हे संग्रहालय आहे. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या लँकेशायर मागांची जुनी शेड तिथे जपली आहे. उघडण्याचे दिवस मर्यादित असतात, आधी बघून जा. इंजिन चालू असेल त्या दिवशी जा आणि एकाच मागाजवळ निदान दहा मिनिटं थांबा. फणीच्या कडेचा काटा प्रत्येक दुसऱ्या फेराला कसा उचलला जातो ते पाहा, मागे वाकून बीमचं वजन तरफेवर कुठे लावलंय ते बघा, आणि विणकरीण कांडी बदलते तेव्हा किती सेकंद लागतात ते मोजा. चार मागांचा हिशेब तिथेच करता येईल.